मधुमेहासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय फार लांब नाही. कळव्याला ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन महाविद्यालये आहेत, कामोठ्याला एमजीएम आहे, आणि परळला उतरले की मुंबई महापालिकेचे केईएम रुग्णालय आहे, जिथे अंतःस्रावी म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग चालतो. तरीही मधुमेहाचे कितीतरी रुग्ण अशा रुग्णालयात जायला कचरतात. "दर वेळी नवा डॉक्टर असतो" आणि "शिकाऊ पोरे तपासतात" ही दोन कारणे मी अशाच एका रुग्णालयाच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ आणि मधुमेह समुपदेशक म्हणून बसताना वर्षानुवर्षे ऐकत आले आहे.

पहिली तक्रार खरी आहे. निवासी डॉक्टरांच्या तुकड्या बदलतात, युनिटमधली म्हणजे एका प्रमुखाखालच्या डॉक्टरांच्या गटातली नेमणूक बदलते, आणि मार्चमध्ये तुमची सगळी हकीकत मन लावून ऐकणारी डॉक्टर जुलैमध्ये दुसऱ्याच वॉर्डात असते. मधुमेह मात्र वीस-तीस वर्षे सोबत राहणारा आजार आहे. म्हणून डॉक्टर बदलला तरी उपचाराचा धागा तुटू नये याची सोय रुग्णाने स्वतःजवळ ठेवली पाहिजे, आणि ती सोय म्हणजे त्याची फाईल. ती नीट असेल तर शिकवणाऱ्या रुग्णालयातली गर्दी आणि बदलती माणसे रुग्णाच्या पथ्यावरच पडतात, कारण एकाच तक्रारीकडे तीन पायऱ्यांवरचे डॉक्टर पाहतात. पुढे जे क्रमाने लिहिले आहे ते याच हेतूने लिहिले आहे. औषधाची मात्रा कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

१. कोणत्या ओपीडीत जायचे ते आधी ठरवा

बहुतेकांचा मधुमेह टाइप २ प्रकारचा, म्हणजे शरीरात इन्शुलिन असूनही ते पुरेसे काम न करण्याचा असतो आणि तो मेडिसिन विभागाच्या ओपीडीत उत्तम सांभाळला जातो. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे मेडिसिन किंवा बालरोग या विषयात एमडी किंवा समकक्ष पदवी घेतल्यावर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षे डीएम किंवा डीआरएनबी या पुढच्या पदवीचे शिक्षण घेतलेला अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ. असे तज्ज्ञ संख्येने कमी आहेत, त्यामुळे साध्या मधुमेहासाठी त्यांच्या तारखेची वाट पाहत दोन महिने बिनऔषधाचे घालवणे चुकीचे ठरेल. मेडिसिनमध्ये उपचार सुरू करावेत आणि गरज असेल तर तिथूनच चिठ्ठी घ्यावी.

काही बाबतींत मात्र ही चिठ्ठी स्वतःहून मागावी. मुलाला किंवा तिशीच्या आतल्या माणसाला मधुमेह निघाला असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, रक्तात आम्ल वाढून म्हणजे कीटोअॅसिडोसिस होऊन कधी दाखल व्हावे लागले असेल, साखर वारंवार ७० च्या खाली जात असेल, किंवा मधुमेह असताना गर्भधारणा झाली असेल वा तिचा विचार असेल, तर तज्ज्ञांनी एकदा पाहणे आवश्यक आहे. सी-पेप्टाइड आणि गॅड अँटीबॉडी यांसारख्या तपासण्यांवरून मधुमेहाचा प्रकार ठरवता येतो, आणि प्रकार चुकला तर पुढचे सगळेच उपचार चुकतात. थायरॉइड, पिट्युटरी, अॅड्रिनल या ग्रंथींचे आजार, वयात येण्यातले दोष आणि हाडांचे काही विकार याच विभागाकडे येतात. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी बाहेरून "गुणकारी पुड्या" घेणाऱ्यांनी त्या पुड्याही घेऊन याव्यात, कारण अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, त्याने साखर वाढते आणि ते एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते.

मोठ्या रुग्णालयांत युनिटनुसार ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि विशेष ओपीडी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच असते. चौकशीच्या खिडकीवर "एंडोक्राइनची ओपीडी कोणत्या वारी?" एवढे आधी विचारून घेतले की उरण किंवा शहापूरहून येणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार वाचतो. पहिल्या भेटीत आपले युनिट कोणते आणि प्रमुख डॉक्टर कोण हे केस पेपरवर पाहून ठेवावे आणि पुढे त्याच वारी यावे.

२. फाईल तयार करा

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले पंचवीस कागद म्हणजे फाईल नव्हे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी साधी कप्प्यांची फाईल घ्या आणि सर्वांत वर एकच पान ठेवा. त्या पानावर मधुमेह कोणत्या वर्षी समजला, सोबत रक्तदाब, थायरॉइड, हृदयविकार यांपैकी काय आहे, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, कोणती शस्त्रक्रिया कधी झाली आणि सध्या कोणते औषध किती आणि केव्हा घेता, हे मोठ्या अक्षरात लिहा. औषध बदलले की जुने नाव खोडून तारखेसह नवे लिहा आणि जुने का बंद झाले तेही दोन शब्दांत नोंदवा. "मेटफॉर्मिनने जुलाब झाले म्हणून बंद" किंवा "ग्लिमेपिराइडने दुपारी घाम फुटायचा" अशी एक ओळ नव्या डॉक्टरला तीच चूक पुन्हा करण्यापासून वाचवते.

दुसऱ्या पानावर तक्ता आखा. तारीख, वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांची तपासणी आणि पायांची तपासणी एवढे रकाने पुरेत. शेवटच्या दोन रकान्यांत आकडा नाही, फक्त तारीख येते, आणि माझ्या अनुभवात हेच दोन रकाने सर्वांत जास्त रिकामे सापडतात. वर्षभरानंतर हा तक्ता पाहणाऱ्या डॉक्टरला दोन मिनिटांत जे कळते ते सुट्या कागदांच्या गठ्ठ्यातून अर्ध्या तासातही कळत नाही.

मूळ कागद कुणाच्याही हाती कायमचे सोपवू नयेत. दाखल व्हायची वेळ आली तर झेरॉक्स द्यावी आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये आले आहे की नाही ते दारातच तपासावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. योजनेत समाविष्ट रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून चौकशी करावी, म्हणून या दोन्हींच्या प्रती फाईलच्या मागच्या कप्प्यात असाव्यात.

३. रक्त तपासणीची सकाळ

उपाशीपोटीची तपासणी म्हणजे ८ ते १० तास काही न खाता केलेली तपासणी. पाणी चालते, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. इथे एक धोका आहे आणि तो आमच्या रांगेत वारंवार दिसतो. रुग्ण पहाटे उठून सवयीने मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतो, उपाशीच लोकल पकडतो, रांगेत त्याचे दोन तास जातात आणि नंबर येईपर्यंत त्याला घाम फुटून चक्कर येते. मधुमेहाची सकाळची औषधे डब्यासोबत पिशवीत ठेवावीत आणि रक्त दिल्यावर खाताना घ्यावीत. रात्रीचे दीर्घकाळ चालणारे बेसल इन्शुलिन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज चुकवू नये, आणि टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या रुग्णांनी तपासणीच्या दिवसाचे वेळापत्रक आधीच विचारून घ्यावे. थायरॉइडची गोळीही रक्त दिल्यावर घेतली तर चालते, पण नंतर खाण्यापूर्वी किमान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते.

जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. हात धुतल्यापासून मोजणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी मुद्दाम दोनच इडल्या खाऊन चांगला आकडा मिळवण्याचा मोह टाळावा. घरी रोज जे आणि जेवढे खाता, मग ती तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण असो किंवा पोळी-भाजी-वरण-भात असो, तेच डब्यात आणावे आणि रोजची औषधेही नेहमीप्रमाणे घ्यावीत, कारण औषध पुरते आहे की नाही हेच डॉक्टरांना पाहायचे असते.

घरी ग्लुकोमीटर असेल तर तोही सोबत आणावा. प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताना त्याच मिनिटाला बोटातून मोजून आकडा लिहून ठेवावा. साखर १०० किंवा जास्त असताना दोन्ही आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक पडला तर मीटर ठीक समजावा, त्याहून जास्त पडला तर स्ट्रिपची मुदत पाहावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आंबा कापलेल्या हाताने मोजलेली साखर अडीचशे निघते आणि माणूस उगाच घाबरतो.

४. तपासणीच्या टेबलावर

आधी विद्यार्थी किंवा इंटर्न विचारेल, मग निवासी डॉक्टर तपासेल, गरज पडली तर प्राध्यापक पाहतील. तेच उत्तर तीनदा द्यावे लागते याचा राग येऊ देऊ नये. दुसऱ्यांदा सांगताना आठवलेली गोष्टच कित्येकदा निदानाची असते. निवासी डॉक्टर हा एमबीबीएस झालेला, नोंदणीकृत डॉक्टर असतो, तो केवळ विद्यार्थी नव्हे. विद्यार्थ्यांनी तपासू नये असे वाटत असेल तर तसे सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. स्त्री रुग्णांनी तपासणीच्या वेळी महिला कर्मचारी सोबत हवी असे निःसंकोच म्हणावे.

बोलण्यासाठी मिळणारी मिनिटे थोडी असतात, म्हणून मुख्य अडचण पहिल्याच वाक्यात सांगावी. "साखर वाढते" याऐवजी "महिन्याभरात तीनदा पहाटे घामाने जाग आली" असे म्हटले की डॉक्टरांचे पेन थांबते. महापे किंवा ऐरोलीत रात्रपाळी असेल, वाशीच्या बाजार समितीत पहाटे दोनपासून काम असेल, तर जेवणाच्या खऱ्या वेळा सांगाव्यात. "सकाळी-रात्री" असे लिहिलेले औषध रात्रपाळीच्या माणसाने नेमके कधी घ्यायचे हे त्याच टेबलावर ठरले पाहिजे. औषधे चुकत असतील, पैशाअभावी अर्धी घेत असाल, तर तेही सांगावे. लपवले तर डॉक्टर मात्रा वाढवतात आणि ज्या दिवशी तुम्ही सगळ्या गोळ्या घेता त्या दिवशी साखर कोसळते.

५. अहवाल वाचताना

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त असल्यास मधुमेह समजतात, आणि ठळक लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. गर्भवतीसाठी निकष वेगळा आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिला खाल्लेले असो वा नसो ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात आणि ती १४० किंवा जास्त निघाली तर गरोदरपणातला मधुमेह मानतात.

एचबीए१सी म्हणजे लोक म्हणतात ती "तीन महिन्यांची शुगर". ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३ आणि ९ म्हणजे २१२. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आसपास हे लक्ष्य असते, पण ऐंशीच्या घरातल्या, हृदयविकार असलेल्या आजोबांसाठी ते मुद्दाम सैल ठेवतात, कारण त्यांना वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर अधिक घातक असते. हा आकडा तांबड्या पेशींवर अवलंबून असल्यामुळे त्या पेशींतच दोष असेल तर तो फसवतो. लोहाची कमतरता, नुकतेच भरलेले रक्त, मूत्रपिंडाचा आजार, थॅलेसीमियाचा अंश किंवा सिकलसेल (हे दोन्ही तांबड्या पेशींचे आनुवंशिक दोष) असेल तर घरच्या मोजणीशी तो जुळत नाही. उल्हासनगरच्या सिंधी किंवा ठाण्या-मुलुंडच्या कच्छी कुटुंबांत थॅलेसीमियाचा अंश आणि जिल्ह्याच्या आदिवासी भागात सिकलसेल तुलनेने अधिक आढळतो, म्हणून कुटुंबात असे काही असल्यास ते पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

६. इन्शुलिन सुरू झाल्यास

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि इथेही तो घालवणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट (इन्शुलिन मोजण्याचे माप) असे येते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. काही बाटल्यांत मात्र १०० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. कोपरखैरण्याहून येणाऱ्या एका मावशींची साखर सहा आठवडे साडेतीनशेच्या खाली येत नव्हती. मात्रा दोनदा वाढवून झाली होती. त्यांना मी टेबलावर इन्शुलिन भरून दाखवायला सांगितले. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, ती ४० ची होती. सिरिंज काढली, तिचे टोपण नारिंगी होते. त्यांनी अगदी काळजीपूर्वक, चष्मा नाकावर सरकवून, २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले. १०० च्या सिरिंजवरची २० ची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, आणि ४० च्या बाटलीत तेवढ्यात फक्त ८ युनिट असतात. औषधाच्या दुकानात लाल सिरिंज संपली होती म्हणून "हीपण चालते" असे सांगून ती दिली गेली होती. याच्या उलट झाले असते, म्हणजे १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजने २० पर्यंत ओढले असते, तर पोटात ५० युनिट गेले असते आणि त्या रात्री त्या उठल्या नसत्या. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून वाचायचे, ही सवय खरेदीच्या वेळी दुकानातच लावून घ्यावी.

गढूळ दिसणारे मिश्र इन्शुलिन टोचण्यापूर्वी तळहातांत दहा वेळा हलके फिरवावे आणि दहा वेळा खाली-वर करावे. जोराने हलवू नये. टोचण्याची सोयीची जागा पोट आहे, बेंबीपासून दोन बोटे सोडून. पेन वापरत असाल तर ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते आणि बटण दाबल्यावर दहापर्यंत आकडे मोजूनच सुई बाहेर काढावी. साधे रेग्युलर आणि ३०/७० सारखे मिश्र मानवी इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास, तर जलद काम करणारे नवे अॅनालॉग इन्शुलिन जेवायला बसताना घेतात. तुमचे कोणते आहे ते पेटीवर लिहून घ्यावे.

एकाच जागी रोज टोचल्याने कातडीखाली मऊ, रबरासारखी गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्णाचा हात आपोआप तिथेच जातो. पण गाठीतून इन्शुलिन कधी मुरते, कधी मुरत नाही, आणि साखर कारण नसताना वर-खाली होते. प्रत्येक भेटीत पोटावर बोटे फिरवून पाहायला डॉक्टरांना सांगावे. गाठ सोडून नव्या जागी टोचायला लागताना डॉक्टरांना आधी सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण नव्या जागी तेच युनिट पूर्ण मुरतात आणि मात्रा कमी करावी लागू शकते.

न उघडलेले इन्शुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीही नाही. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामी झालेले असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन सावलीच्या गार जागी सुमारे चार आठवडे चालते. ती उघडल्याची तारीख लेबलवर घालावी. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके चांगले काम देते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत इन्शुलिन ठेवले तर ते दिसायला तसेच राहते आणि गुण मात्र जातो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण लावून साठवाव्यात आणि ती बाटली रुग्णालयात विचारून जमा करावी. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

७. पाय, डोळे आणि मूत्रपिंड

शिकवणाऱ्या रुग्णालयाचा खरा फायदा इथे आहे. विद्यार्थ्याला पाय तपासायला शिकायचे असते आणि रुग्णाला ते तपासून घ्यायचे असतात. वर्षातून एकदा बूट-चपला काढून, बोटांच्या बेचक्यांसकट दोन्ही पाय तपासले जावेत असा आग्रह धरावा. त्यात नायलॉनच्या एका ताठ धाग्याने तळव्यावर ठरावीक जागी टेकवून पाहतात. धागा वाकेल इतकेच दाबले की दहा ग्रॅमचा दाब पडतो, आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श कळताच "हो" म्हणायचे असते. दिवाळे गावच्या एका कोळी बांधवांनी तो धागा हातात घेऊन "हा तर आमच्या जाळ्याचा" असे कौतुकाने म्हटले होते. मग त्यांनी डोळे मिटले, आणि अंगठ्याखाली, चवड्यावर, करंगळीखाली धागा वाकत राहिला, ते वाट पाहत राहिले. "सुरू करा की मॅडम," असे ते म्हणाले तेव्हा उजव्या पायाची तपासणी संपली होती. होडीत अनवाणी वावरणाऱ्या या माणसाच्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतलेला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

अशी बधिरता आली की अनवाणी चालणे कायमचे बंद करावे. नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत आणि एकवीरेच्या पालखीसोबत कार्ल्यापर्यंत अनवाणी चालण्याचा नवस आपल्या आगरी-कोळी घरांत श्रद्धेने पाळला जातो. त्या श्रद्धेचा पूर्ण मान ठेवून मी प्रत्येकाला सांगते की बधिर पायाने चालायचे असेल तर जाड तळव्याची, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत आणि देवीपुढे ती काढावीत. डांबराचा चटका किंवा काच लागलेली कळत नाही आणि तिथून जखम हाडापर्यंत जाते. रोज रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, आरशात तळवे पाहावेत. तळव्यावर झालेले कुरूप घरी ब्लेडने कापू नये. लाली, फोड किंवा दुर्गंधी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे.

डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी टाइप २ मध्ये निदानाच्या वेळीच आणि मग दरवर्षी, तर टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांनंतर सुरू करतात. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून त्या दिवशी दुचाकी आणू नये आणि कुणाला तरी सोबत आणावे. मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर पाहतात. ते ३० च्या आत हवे. ते वाढले तरी माणसाला काहीच जाणवत नाही, आणि त्या टप्प्यावर औषधांनी पुष्कळ वाचवता येते.

८. साखर उतरली किंवा आजारी पडलात तर

साखर ७० च्या खाली गेली, किंवा मीटर जवळ नसताना घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे असे काही झाले, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, नाही वाढली तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि मग काहीतरी खावे. बिस्कीट किंवा चॉकलेट यावेळी उशिरा काम करते. वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असलेल्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी, कारण ही औषधे साध्या साखरेचे पचन रोखून धरतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

ताप, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले की खाणे सुटते आणि लोक इन्शुलिनही सोडतात. टाइप १ च्या रुग्णाने बेसल इन्शुलिन कधीही पूर्ण बंद करू नये, आजारपणात शरीराची गरज उलट वाढते. याउलट ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येते त्या गोळ्या आजारपणात, कडक उपवासात आणि शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. निर्जळी उपवास करायचा असेल तर तो महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावा. साबुदाण्याच्या खिचडीने साखर भातापेक्षा कमी वाढते हा समज मात्र खरा नाही.

९. "संशोधनात सहभागी व्हाल का?" असे विचारले तर

हा प्रश्न शिकवणाऱ्या रुग्णालयात कधी ना कधी येतो. मधुमेहाबद्दल डॉक्टर आज जे ठामपणे सांगतात ते अशाच सहभागातून आले आहे. साखर काटेकोर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड वाचतात हे टाइप १ च्या १,४४१ जणांनी वर्षानुवर्षे भाग घेतल्यामुळे १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील अभ्यासात सिद्ध झाले, आणि टाइप २ बद्दल तसाच निष्कर्ष ब्रिटनमधील ५,१०२ रुग्णांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये आला. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. दिसायला किरकोळ असलेल्या भारतीय बाळाच्या अंगातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे त्यातून पुढे आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही घरोघरी जाऊन रक्त घेतल्यामुळेच.

तरीही सही करण्यापूर्वी माहितीपत्रक मराठीत मागावे, घरी न्यावे आणि घरातल्या माणसासोबत वाचावे. त्यात अभ्यास कशाचा आहे, किती भेटी होतील, किती रक्त घेतले जाईल, नवे औषध आहे की केवळ नोंदी घेणार आहेत, प्रवासखर्च मिळेल का, हे लिहिलेले असते. औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असणे बंधनकारक आहे आणि तिचा क्रमांक विचारता येतो. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि ती चाचणीमुळे झाली असल्यास भरपाई द्यावी लागते. नकार दिला, किंवा मधेच बाहेर पडलात, तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ज्या चाचणीत इन्शुलिन किंवा चालू औषध बंद करायला सांगतात तिच्याबद्दल आपल्या युनिटच्या वरिष्ठ डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलल्याखेरीज होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संमतीपत्राची एक प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. त्या प्रतीवर मुख्य संशोधकाचा आणि रुग्णालयाच्या नैतिक समितीचा दूरध्वनी क्रमांक आहे का ते पाहावे. ती प्रत फाईलमध्ये पहिल्या पानाच्या लगेच मागे लावावी आणि पहिल्या पानावर औषधांच्या यादीखाली "चाचणीचे औषध चालू" असे तारखेसह लिहावे, म्हणजे रात्री अपरात्री अपघात विभागात न्यावे लागले तर तिथल्या नव्या डॉक्टरला ते पहिल्याच नजरेत दिसेल.